खळ्यावर शिकली ती खळ्याची

परवा निखिलचा फोन आला. "मॅडम, वेबसाइटवर 'आमची गोष्ट' म्हणून एक पान टाकतोय. दीडशे शब्द द्या ना. सुरुवात कशी झाली, ते गाव, त्या बायका, वगैरे. थोडं इमोशनल असलं तरी चालेल."

निखिल माझा जुना विद्यार्थी. आता आमची दोघांची कंपनी आहे, आम्ही मासळी सुकवायचं मशीन बनवतो. पानासाठी फोटो त्यानं आधीच निवडला होता. लुगडं नेसलेली एक बाई सुपानं पाखडतेय, मागे खाडी. खाली लिहिलं होतं, 'स्थानिक महिला'. मी म्हटलं, "अरे, त्या बाईला नाव आहे." तो म्हणाला, "आहे की. पण नाव टाकलं की परमिशनची भानगड. जनरल ठेवू." मी बरं म्हटलं. बरं म्हणण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

दीडशे शब्द त्याला दिले. जे त्यात बसलं नाही, खरं तर जे मी बसू दिलं नाही, ते इथे लिहितेय. त्या बाईचं नाव चांगुणा. गाव तिला चांगुनाबाय म्हणतं.

मी इंजिनिअरिंग कॉलेजात मोजमापाची यंत्रं शिकवते. राहते कोपरखैरण्यात, माहेर सांगलीकडचं. लग्नाआधी मासळी मी भूगोलाच्या पुस्तकातच पाहिलेली. नवरा मालवणकडचा निघाला म्हणून सुक्या जवळ्याच्या वासाला सरावले, ते पण नाक मुरडत. कॉलेजला एक प्रकल्प मिळाला. मासळी सुकवणाऱ्या बायकांबरोबर मिळून काम करायचं आणि त्यांची नासाडी कमी होईल असं काहीतरी शोधायचं. 'बरोबर मिळून' हे शब्द कागदावर जाड अक्षरात होते. उरणच्या बाजूच्या एका खाडीकाठच्या गावात मी आणि निखिल पहिल्यांदा उतरलो, तेव्हा मी रिक्षातच रुमाल नाकाला लावला होता.

खळं म्हणजे गावाबाहेरची चोपून सारवलेली मोठी मोकळी जागा. धक्क्यावर होड्या लागल्या की बायका लिलावात ओला जवळा घ्यायच्या, नखाएवढी कोळंबी ती, आणि खळ्यावर पसरायच्या. सुकला की पाखडून बाजारात न्यायचा. खळ्यावर वीसेक बायका वाकून काम करत होत्या. त्यातली सगळ्यात बुटकी सरळ झाली आणि माझ्याकडे बोट करून ओरडली, "तो रुमाल कार गो आधी! नाक झाकून जवला कलतो काय?"

काढला. काय करणार?

आमच्याकडे ओलावा मोजायचं परदेशी मीटर होतं. निखिलनं ते ढिगात खुपसलं, आकडा वाचला आणि जाहीर केलं, "सुकलाय." चांगुनाबायनं सुपात दोन मुठी घेतल्या, दोनदा पाखडलं, मान वाकडी करून ऐकलं. "नाय सुकला."

निखिल तेव्हा बावीस वर्षांचा, सगळं येतं त्याला. म्हणाला, "मावशी, मशीन खोटं बोलत नाही."

"खोटा नाय बोलत रं बाबा. पन त्याला ऐकू येत नाय."

खळ्यावर हशा पिकला. तिनं त्याच ढिगातला किलोभर जवळा पिशवीत बांधून माझ्या हातात दिला. "ने. आठ दिसांनी बुरशी दाखवाय ये."

पिशवी आम्ही डिपार्टमेंटच्या कपाटात ठेवली आणि विसरलो. सहाव्या दिवशी आमचे विभागप्रमुख उंदीर कुठे मेलाय ते शोधत टेबलांखाली वाकत होते. कपाट उघडलं तेव्हा आत हिरवी लव आली होती, आणि पुढचा महिनाभर मुलं आमच्या लॅबला 'मच्छी मार्केट' म्हणत होती. मी मुकाट्यानं गावाला गेले. चांगुनाबाय मशेरी लावत ओट्यावर बसली होती. काही विचारलं नाही तिनं, नुसतं हसून सरकून बसायला जागा केली.

त्या दिवसापासून मी तिच्याकडे शिकायला लागले. एरवी मी शिकवणारी बाई, पण खळ्यावर मला सूपही धड धरता येत नव्हतं. माझ्या हातातून जवळा चारी दिशांना उडायचा, बायका पदर तोंडाला लावायच्या. चांगुनाबाय मात्र चिडायची नाही. माझी मनगटं मागून धरून पाखडायला लावायची आणि कानाशी म्हणायची, "आता ऐक." मला काही ऐकू यायचं नाही. तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात एकदम आलं. काहीतरी लागलं कानाला, आणि मी अगदी बावळटासारखी ओरडले. ती म्हणाली, "येतंय ना? मंग झाला तर."

ओला जवळा, तिच्या हिशेबानं, थापतो, म्हणजे सुपात थपथप पडतो. अर्धा सुकला तर कुजबुजतो. पुरता सुकला की सलसलतो. आणि जास्त सुकला की भांडतो, म्हणजे त्याचा चुरा व्हायला लागतो. हे चार शब्द तिनं मला दिले आणि आमचं सगळं संशोधन त्या चार शब्दांत आहे. आम्ही फक्त पत्र्याच्या ट्रेखाली माइक लावला.

तिचं वय साठीच्या आसपास असेल. नक्की तिलाही ठाऊक नव्हतं. फोन तोंडासमोर आडवा धरून बोलायची, आणि हॅलो वगैरे भानगड नाही, उचलला की थेट "जेवलीस?" सकाळी सातला फोन केला तरी "जेवलीस?" माणसांना ती माशांची नावं द्यायची. निखिलचं नाव निवटी, कारण निवटी खाडीच्या चिखलात एका जागी ठरत नाही, टुणटुण उड्या मारते. निखिल आधी फुगला, मग स्वतःच फोनवर "निवटी बोलतोय" म्हणायला लागला. आमच्या प्राचार्यांचा फोटो बघून म्हणाली, "यो घोल हाय. किंमत मोठी, पन काटं बी मोठं." मी एकदा विचारलं, मी कोण? तिनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. म्हणाली, "तुना अजून वलखली नाय." तेव्हा मी हसले होते. आता ते वाक्य आठवलं की जेवण जात नाही.

आवाज नीट टिपायचे तर शांत खोली हवी, म्हणून ती चार दिवस आमच्या कॉलेजात आली. टोपलीत जवळा, हातात सूप. लॅबमध्ये शिरली आणि म्हणाली, "तो घरघर बंद कर." म्हणजे एसी. मग ट्यूबलाइट, ती पण म्हणे गुणगुणते. मे महिन्यात बंद खोलीत, अंधारात, घामाच्या धारा लागलेल्या अवस्थेत आम्ही शेकडो वेळा तिचं पाखडणं रेकॉर्ड केलं. प्रत्येक वेळी ती सांगणार, थापतो, कुजबुजतो, सलसलतो, आणि निखिल लिहून घेणार. एका मुलीनं दारातून "ईऽऽ" केलं, तर तिला आत बोलावून सूप हातात दिलं आणि अर्धा तास सोडलं नाही. ती मुलगी नंतर आमच्याच प्रकल्पात आली.

चौथ्या दिवशी संगणकानं पहिल्यांदा बरोबर ओळखलं. निखिल नाचला. चांगुनाबायनं शांतपणे कनवटीची पुरचुंडी सोडली आणि त्यातली चिमूटभर वाळू ओल्या जवळ्यात मिसळली. "आता ईचार त्याला." वाळूच्या सळसळीला फसून मशीन म्हणालं, सुकलाय. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "बाजारात यापारी असाच फसवतात गो. याला बी शिकव." मग वाळू ओळखायला शिकवण्यात दोन महिने गेले. आज आमच्या जाहिरातीत ते खास वैशिष्ट्य म्हणून छापलेलं आहे.

खूप नंतर मला कळलं की ते चारही दिवस वॉचमननं तिला वासामुळे लिफ्टमध्ये घेतलं नव्हतं. टोपली डोक्यावर घेऊन ती चार मजले चढून यायची. मला एका शब्दानं बोलली नाही. मी विचारायला हवं होतं, इतकी का धापा टाकतेस म्हणून. नाही विचारलं.

शेवटच्या दिवशी एका कागदावर तिची सही घेतली. 'संशोधनात स्वखुशीनं सहभागी झाले, माहिती वापरण्यास हरकत नाही.' ती अक्षरं लावून वाचायची, पण कागद बारीक टायपाचा होता. "कशाला गो सही?" म्हणाली. मी म्हटलं, "काही नाही, कॉलेजचा नियम असतो." तेव्हा ते खरं होतं. एवढं तरी मला म्हणू द्या. तिनं जीभ दातात धरून, पूर्ण मिनिटभर लावून, नाव लिहिलं. मग दुरून बघितलं आणि म्हणाली, "चांगला आलाय."

आता खळ्याचा नियम सांगायला हवा, कारण सगळं त्यावरच आहे.

खळ्यावर जागा कमी, बायका जास्त, म्हणून पाळी असते. आज हिची, उद्या तिची. आणि एक नियम असा की खळ्यावरची बाई धक्क्यावरच्या लिलावात दुसरीच्या बोलीवर चढी बोली लावत नाही. एकीनं भाव बोलला की बाकीच्या गप्प. भाव चढत नाही, सगळ्यांना थोडा थोडा माल मिळतो, सगळ्यांच्या चुली पेटतात. आणि हा नियम जन्मानं लागत नाही, शिकण्यानं लागतो. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली, बाहेरून आलेली, कोणी का असेना. चांगुनाबाय म्हणायची, "खल्यावं शिकली ती खल्याची. तिनं खल्याच्या आंगावं यायचा नाय."

कागद नाही, शपथ नाही. पण मोडून बघा! तिची सख्खी मुलगी रंजना, शेजारच्या गावात दिलेली, एकदा नवऱ्याच्या सांगण्यावरून या धक्क्यावर आली आणि आईच्या जावेच्या, पारूबायच्या, बोलीवर बोली लावली. चांगुनाबायनं भर लिलावात पुढे होऊन मुलीच्या हातातली टोपली काढून घेतली. अख्खा हंगाम रंजनाला खळ्यावर पाऊल टाकू दिलं नाही. मुलगी वर्षभर आईशी बोलली नाही. मी म्हटलं, "पोटची पोर ना हो ती?" ती म्हणाली, "म्हनून तं. दुसरीची असती तं पारूबायनं बगितला असता."

आणि एका सकाळी तिनं मला पाळी दिली. खरीखुरी, एक दिवसाची. सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "आजची पाली मास्तरनीची." मी ओला जवळा पसरला, दर तासाला उलटला, ऊन डोक्यावर घेतलं, संध्याकाळी पाखडला, ऐकला. बायकांनी माझा जवळा हातात घेऊन पाहिला. पारूबाय, जी माझ्याशी कधी धड बोलायची नाही, ती म्हणाली, "बरा हाय." घरी नेला तर नवरा म्हणाला, बाजारात असा मिळत नाही. मला डॉक्टरेट मिळाली तेव्हा इतका आनंद झाला नव्हता. तेव्हा मला नियम माहीत होता. माहीत नव्हता असं म्हणायची सोय मला नाही.

मशीन तयार झालं. मग ते सुरू झालं ज्याला निखिल 'पुढची स्टेप' म्हणतो. शोध कॉलेजच्या कपाटात कुजवण्यापेक्षा बाजारात आणा, प्राध्यापकांनी उद्योजक व्हा, टाळ्या, शाल, श्रीफळ. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू? वीस वर्षं प्रॅक्टिकलच्या वह्या तपासल्यावर कोणी 'फाउंडर' म्हटलं की पाठीचा कणा आपोआप ताठ होतो. मुळात ठरलं होतं की पहिलं मशीन खळ्यावर बसवायचं. पावसाळ्यात, दवात बायकांचा माल सडतो तो वाचेल. पण खळ्याला मशीन घ्यायला कर्ज लागणार, कर्जाला संस्था लागणार, संस्थेला वर्ष लागणार. तेवढ्यात निखिलनं एक निर्यातदार गाठला. त्याचं द्रोणागिरीला मोठं गोदाम. तो एकदम चौदा मशीन घ्यायला तयार होता. अट एकच, या पट्ट्यात मशीन त्याच्याशिवाय कोणाला द्यायचं नाही.

बेलापूरच्या एका काचेच्या ऑफिसात बैठक झाली. मी विचारलं, "चौदा मशीनला लागणारा ओला माल आणणार कुठून?" निर्यातदाराचा माणूस म्हणाला, "आजूबाजूच्या धक्क्यांवरून." मी निखिलला बाहेर घेतलं. म्हटलं, "करारात एक ओळ घाल. आपल्या गावच्या धक्क्यावरून माल उचलायचा नाही."

निखिल म्हणाला, "मॅडम, ही ओळ घातली तर ते उठून जातील. सगळ्यात जवळचा धक्का तोच आहे त्यांना."

"अरे, पण बायकांनी शिकवलंय आपल्याला."

"शिकवलंय, मान्य. पण आज हे गेले तर कंपनी गेली. आधी उभे राहू, मग त्यांच्यासाठी काहीतरी करूच ना?"

माझ्याजवळ पेन होतं. मी अजून पाच मिनिटं भांडले असते तर कदाचित ती ओळ आली असती. कदाचित ते खरंच उठून गेले असते. मला कधीच कळणार नाही, कारण मी पाच मिनिटं भांडले नाही. आत जाऊन सही केली. वर चहाबरोबर बिस्किटही खाल्लं.

त्या संध्याकाळी चांगुनाबायचा फोन आला. "जेवलीस? झाला काय तुमचा बारसा?" कंपनी निघण्याला ती बारसं म्हणायची. मी म्हटलं, झालं. ती म्हणाली, "बरा झाला. देवीला नारल फोडते." बस. तिनं एक प्रश्न विचारला नाही. कोणाला मशीन दिलं, काय ठरलं, काही नाही. तिच्या हिशेबी मी खळ्यावर शिकलेली, तर माझी कंपनीही खळ्याचीच. खळ्याच्या अंगावर ती येईलच कशी? मी कागदावर घ्यायला हवं होतं ते तिनं मनात धरून ठेवलं होतं, आणि ते मला पक्कं माहीत होतं. सांगायला हीच वेळ होती. मी म्हटलं, "ठेवते हं, पोळ्या व्हायच्यात."

पुढच्या हंगामात गोदामाचे टेम्पो धक्क्यावर लागले.

मला कळवलं रंजनानं. गोदामाचा माणूस लिलावात उभा राहतो आणि कोणीही काहीही बोललं तरी त्याच्यावर बोलतो. दोन-तीन आठवडे बायकांनी तग धरला, मग रिकाम्या टोपल्या घेऊन परतायला लागल्या. खळं निम्म्याहून जास्त ओस. आणि कोणीतरी टेम्पोवर आमच्या मशीनचं चित्र पाहिलं होतं. "माज्या आयला सगल्या ईचारतात," रंजना म्हणाली, "तुजी मास्तरीन ना ही? आय बोलते, नाय, तिला ठाव नसंल. ती आली का निस्तरंल. तुमी या."

मी तीन दिवस गेले नाही. परीक्षेचं काम आहे असं सांगितलं. काम होतंही, पण एवढं नव्हतं.

चौथ्या दिवशी गेले. दुपारची वेळ, चांगुनाबाय स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. मला बघून चेहरा उजळला तिचा. "आयलीस? मी सांगतच व्हती. बस, पानी घे. आता त्या गोदामवाल्याला फोन लाव आन सांग, ह्या धक्क्यावं यायचा नाय."

मी म्हटलं, "मावशी, मला ठाऊक होतं."

"काय ठाव व्हता?"

"ते इथूनच माल घेणार, हे. सही करायच्या आधीच ठाऊक होतं. एक ओळ लिहायची होती कागदात. मी लिहिली नाही."

ती तांदूळ निवडत राहिली. मला वाटलं ऐकलं नसेल, म्हणून मी पुन्हा सांगितलं. मूर्खासारखं पुन्हा सांगितलं, निखिल काय म्हणाला, कंपनी कशी बुडाली असती, सगळं. तिनं हात वर केला. "एकदा सांगितला तो ऐकला मी." मग म्हणाली, "मना फोन केला व्हतास त्या दिशी. नाय, मीच केला व्हता. तवा का नाय सांगितलास?"

"भीती वाटली."

"माजी?"

मी हो म्हणून मान हलवली. तिनं ताट बाजूला ठेवलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता, आणि तो माझ्यावर निघाला असता तर मी सुटले असते. ती म्हणाली, "सांजच्याला खल्यावं बायका जमनार हायेत. तू चल. पन तू बोलायचा नाय."

"नाही मावशी, मी सांगणार. मीच सांगायला आलेय."

"काय सांगशील? चांगुनाला फसवली? चालीस वरसं झाली मना धक्क्यावं. यापाऱ्यानं नाय फसवली, दलालानं नाय फसवली. आन आता म्हनतील, बिचारी गो, मास्तरनीनं गुंडालली. माजी कीव करतील. पारूबाय करंल माजी कीव!" आवाज चढला तिचा. "ती नको मना. वंगाल म्हना, चोर म्हना. बिचारी नको. तू गप ऱ्हायची. येवरा तरी माजा ऐक."

संध्याकाळी खळ्यावर बायका गोल बसल्या होत्या. पारूबायनंच विषयाला तोंड फोडलं. "ही मास्तरीन आली हाय तं हिलाच ईचारा. आमच्याकरून शिकली आन आमच्याच पोटावं आली, ह्यो कंचा न्याय?"

चांगुनाबाय उठली. "तिला काय ईचारता? ती नोकरीवाली बाई. मना ईचारा. कागदावं सही माजी हाय. मना ठाव व्हता गोदामवाला येनार. मी म्हनला, येऊ दे."

पारूबायनं हळूच विचारलं, "तुना ठाव व्हता?"

"हां."

"आन तू बोलली नाय?"

"नाय बोलली."

कॉलेजच्या कागदावरची ती सही खरी होती. त्यामुळे खोटं लगेच बसलं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एक तरुण सून रडकुंडीला येऊन म्हणाली, "कितीला गो मावशी? कितीला इकला आमाला?" चांगुनाबायनं त्यावर तोंड उघडलं नाही. पैसे घेतले असते तर सांगितले असते तिनं, पण आकडा बनवायला तिला जमलं नाही. त्या गप्प राहण्याचा अर्थ बायकांनी जो लावायचा तो लावला. रंजना मागे उभी होती. ती आईकडे अशी बघत होती की मला तिथून उठून पळावंसं वाटलं.

मी उठले नाही आणि बोललेही नाही. मी चांगुनाबायपासून चार हातांवर बसले होते. एक वाक्य पुरेसं होतं. 'ती खोटं बोलतेय, मी केलंय.' चार शब्द जास्त, चार कमी. जिभेवर होतं. तिनंच गप्प राहायला सांगितलं होतं, असं मी स्वतःला अजून सांगते, आणि ते खरंही आहे. पण खरं सांगू? तिनं उठून ते अंगावर घेतलं तेव्हा माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. त्या क्षणी मला बरं वाटलं. हे मी आजवर नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

"नियम मनाबी हाय," ती म्हणाली. "माजी पाली बंद करा." आणि सगळ्यांसमोर खळ्याच्या कडेची दोरी ओलांडून बाहेर गेली.

नंतर मी दोन-चार वेळा फोन केला. ती उचलायची. "जेवलीस?" विचारायची, आणि मी हो म्हटलं की ठेवून द्यायची. मी निखिलला सांगून गोदामवाल्याशी बोलणी लावली. आठवड्यातले दोन दिवस तरी तो धक्का सोडा, अशी विनवणी केली. तो एक दिवस सोडायला कबूल झाला. त्या एका दिवसाचा जवळा खळ्यावर येतो. मी हे स्वतःच्या नावावर जमा करू बघते, पण होत नाही.

गेल्या महिन्यात गोदामात एक मशीन बंद पडलं म्हणून मी द्रोणागिरीला गेले होते. परतताना ड्रायव्हरला म्हटलं, गावावरून घे. ठरवलं होतं, आज खळ्यावर जायचं, सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि सांगायचं. वाक्यसुद्धा पाठ केलं होतं गाडीत बसून. वाटेत उरण नाक्यावर पेढेही घेतले, कशाला कोण जाणे. पेढे घेऊन कोणी कबुली द्यायला जातं का?

खळ्यावर तो एक दिवसाचा जवळा पसरलेला होता, पाच-सहा बायका होत्या. चांगुनाबाय दोरीच्या बाहेर, रस्त्याच्या बाजूला, डोक्यावर पदर घेऊन भर उन्हात उभी होती. तिला आत पाऊल टाकायची मुभा नव्हती, आणि घरी बसवतही नसणार. खाडीकडून ढग वर येत होते. ती ओरडत होती, "उलटा गो, उलटा! खालून वला हाय त्यो! मना इथून दिसतोय!" कोणीही मान वर केली नाही. ती पुन्हा ओरडली. बायका आपसात बोलत राहिल्या, जसं काही तिथे कोणी नव्हतंच. तिसऱ्यांदा ती ओरडली नाही. नुसती उभी राहिली.

मग पारूबाय वाकली. चांगुनाबायकडे न बघता तिनं जवळा उलटायला सुरुवात केली. खालचा ओला होता, लांबून काळपट दिसत होता. चांगुनाबाय दोरीला अगदी टेकून उभी राहिली, मान वाकडी करून.

ड्रायव्हरनं विचारलं, "मॅडम, थांबायचंय का इथे?"

माझा हात दाराच्या कडीवर होता. खळ्यावरच्या बायकांनी गाडीकडे बघितलं, आणि चांगुनाबायनंही वळून बघितलं. काच काळी होती, मी तिला दिसले नसणार. पण कंपनीची गाडी तिनं ओळखली. तिनं पदर पुढे ओढला आणि गाडी आणि बायका यांच्या मधे येऊन, आमच्याकडे पाठ करून उभी राहिली.

मी म्हटलं, "नको. चल."